गोळ्या, गुठळ्या आणि तो फॉरवर्ड: चोर सोडून संन्याशाला फाशी

गणपती जवळ आले की तो मेसेज परत फिरायला लागतो. यावेळी मला सात जणींनी पाठवला, त्यात एक माझी नणंद, आणि प्रत्येकीचं खाली एकच, "अगं हे खरंय का?" मी बी.फार्म आहे, गेली सोळा वर्षं आमच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे "पाळी पुढे जायची गोळी द्या" हे वाक्य श्रावण-भाद्रपदात मी दिवसाला कितीदा ऐकते ते विचारू नका. प्रत्येकीला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: "मुलींनो सावधान! पूजेसाठी पाळी लांबवायची गोळी घेतली आणि १८ वर्षांची मुलगी गेली. पाळीची गोळी, गर्भनिरोधक गोळी, आय-पिल सगळं एकच विष. रक्तात गुठळ्या होतात, धोका ३०० टक्के. आजच बंद करा. जमत नसेल तर दर तीन महिन्यांनी गॅप घ्या म्हणजे शरीर साफ होतं. रोज लसूण खा, रक्त पातळ राहतं." आणि आता त्याला कुणीतरी खाली उत्तरही चिकटवलंय, "हे फेक आहे, पाळीच्या गोळीत फक्त प्रोजेस्टेरॉन असतं, त्याने गुठळी होतच नाही, बिनधास्त घ्या."

म्हणजे वरचाही चुकला आणि खालचाही.

"१८ वर्षांची मुलगी गेली"

ही गोष्ट हवेतली नाही. २०२५ मधे एका व्हॅस्क्युलर सर्जनने, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी, एका पॉडकास्टमधे आपल्याकडे आलेल्या पेशंटबद्दल हे सांगितलं होतं, त्याची क्लिप देशभर फिरली. पण फॉरवर्डमधे ध चा मा कुठे झालाय बघा. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात मुलीचा पाय दुखत होता, सुजला होता, तपासणीत पायापासून वर पोटापर्यंत गेलेली गुठळी दिसली होती, ते ऍडमिट करा म्हणाले, घरच्यांनी सकाळी आणतो म्हटलं, आणि रात्रीतच सगळं संपलं. फॉरवर्डमधे गोळी शिल्लक राहिली आणि सुजलेला पाय गायब झाला, ती "सकाळी आणतो" वाली रात्रही गायब झाली. म्हणजे ज्या गोष्टीवरून दुसऱ्या एखाद्या मुलीचा जीव वाचला असता नेमकी तीच कापली. मला या मेसेजचा सगळ्यात जास्त राग याचा आहे.

"सगळ्या गोळ्या एकच"

नाही हो. गुठळीच्या बाबतीत मुख्य आरोपी इस्ट्रोजेन हे हार्मोन, गोळ्यांमधे बहुतेक वेळा इथिनिल इस्ट्राडायोल नावाचं. ते यकृतात पोचलं की यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं आणि गोठणं आवरून धरणारं प्रोटीन एस वगैरे कमी होतं, तराजू जरा गोठण्याच्या बाजूला कलतो. बहुतेकींना हा कल कळतही नाही, पण जिचा तराजू आधीच कललेला आहे तिला तो महागात पडू शकतो.

१९६० मधे अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत आजच्या कितीतरी पट इस्ट्रोजेन होतं, पुढच्याच वर्षी फुफ्फुसातल्या गुठळीची पहिली केस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि मग डोस उतरत उतरत आज २० ते ३५ मायक्रोग्रॅमवर आलाय. आपली माला-डी ही गर्भनिरोधक गोळी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन, दोन्हींत ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि जोडीला लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध. हे जुनं लिव्होनॉरजेस्ट्रेल गुठळीच्या हिशोबात कमी धोक्याच्या गटात बसतं. गंमत बघा, लोकांना वाटतं सरकारी गोळी म्हणजे हलकी आणि चारशे रुपयांची गुलाबी डबीतली भारी, आणि इथे नेमकं उलटं आहे.

आय-पिलमधे, म्हणजे संबंधानंतर तातडीने घ्यायच्या गोळीत, इस्ट्रोजेन नाहीच, एकच मोठा डोस लिव्होनॉरजेस्ट्रेलचा, दीड मिलिग्रॅम, तिने गुठळीचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. (म्हणून महिन्यातून चार वेळा घ्यायची असं नाही, ते दुखणं वेगळं.) कॉपर-टीमधे हार्मोनच नाही. छाया, म्हणजे आधीची सहेली, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने बनवलेली आठवड्याची गोळी, तिच्यातही इस्ट्रोजेन नाही. या सगळ्यांना एका दोरीत बांधून "विष" म्हटलं की ज्या बाईने कॉपर-टी बसवून घ्यायची ती पण घाबरून घरी बसते.

"धोका ३०० टक्के"

त्यांना बहुतेक तिप्पट म्हणायचंय, आणि तिप्पट झालं म्हणजे २०० टक्के वाढ, ३०० नाही, पण ते जाऊ दे. प्रश्न असा की कशाच्या तिप्पट? कुणाचा पगार तिप्पट झाला म्हटलं की आपण लगेच विचारतो आधी किती होता, इथे मात्र कुणी विचारत नाही.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ मधे हा सगळा हिशोब परत तपासला. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० तरुण बायकांमधे वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्या १०,००० जणींत ५ ते ७. लिव्होनॉरजेस्ट्रेलऐवजी ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल ही त्याच जातीची नवी औषधं असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२. आणि ज्यांना गुठळी होते त्यांतल्या १०० पैकी १-२ जणी दगावतात. म्हणजे "तिप्पट" खरंय, आणि "१०,००० पैकी ९,९९० च्या आसपास बायकांना वर्षभरात काहीही होत नाही" हे पण तितकंच खरंय. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तरच काहीतरी कळतं.

आता एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्याला माहीत असती तर बरं झालं असतं. पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) आणि पिंपल्ससाठी आपल्याकडे कॉलेजच्या मुलींना ज्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात त्या बऱ्याचदा वरच्या धोक्याच्या गटातल्या, ड्रोस्पिरेनोनवाल्या किंवा सायप्रोटेरोनवाल्या. देऊ नये असं नाही, उपयोग होतो म्हणूनच देतात, पण पहिल्या चिठ्ठीवर सहा वर्षं तीच स्ट्रिप नेणाऱ्या मुली मी बघितल्यात, मधल्या काळात वजन वीस किलो वाढलेलं, सिगरेट सुरू झालेली, आणि डॉक्टरांचं तोंड परत बघितलेलं नाही. घाबरवायचंच असेल तर या मुलीला थोडं घाबरवा, म्हणजे ती निदान फॉलोअपला जाईल.

"आजच बंद करा"

हे वाक्य ऐकून काय होतं ते ब्रिटनने करून बघितलंय. ऑक्टोबर १९९५ मधे तिथल्या औषध सुरक्षा समितीने जाहीर केलं की नव्या पिढीच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे साधारण ७,००० मागे एकीऐवजी दोघींना, पण पेपरांत फक्त दुप्पट आलं. बायकांनी पाकीट अर्धवट टाकून दिलं, दुसरा उपाय केला नाही, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समधे सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले.

आणि दिवस राहिले की गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त वाढतो, हे तर कुणाच्या गावीच नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध खात्याच्या, आकड्यांप्रमाणे गरोदरपणात १०,००० मागे ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ४० ते ६५. त्यात आपल्याकडे अजून काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात आणि खाटेवरून उठू देत नाहीत. गुठळीला याहून सोयीचं काय पाहिजे. (बाळंतपणानंतर लगेच इस्ट्रोजेनची गोळी सुरू करायची नाही ती यासाठीच, अंगावर पाजणारीने तर दीड महिना नाहीच.)

तेव्हा बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरं काहीतरी हातात घ्या आणि मग बंद करा.

"दर तीन महिन्यांनी गॅप घ्या"

हा सल्ला मी स्वतः काही वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांना दिलाय, कारण माझ्या आधी काउंटरवर बसणारे सासरे तेच सांगायचे. चूक आहे. गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत, नंतर कमी होतो. चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून परत सुरू केली की तो परत चढतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी गॅप घेणारी बाई सापशिडीत ९८ वरून परत खाली येत राहते. आणि गोळीचे हार्मोन काही दिवसांत शरीरातून निघून जातात, साफ करायला मागे काही उरत नाही.

लसणाबद्दल एवढंच की चटणीत छान लागतो.

आता तो खालचा, "बिनधास्त घ्या" वाला

हा मला जास्त धोकादायक वाटतो कारण अर्धं बरोबर आहे. पाळी लांबवायला देतात ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, आणि पाकिटावर बघितलं तर खरंच फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, इस्ट्रोजेनचं नावही नाही. पण डोस बघा ना. परदेशात हेच औषध गर्भनिरोधक मिनी-पिल म्हणून मिळतं ते दिवसाला ०.३५ मिलिग्रॅम. पाळी लांबवायला देतात ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे १५, चाळीस पटीपेक्षा जास्त. आणि या औषधाचा छोटासा भाग शरीरात जाऊन इथिनिल इस्ट्राडायोलच बनतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन घेतल्यासारखं होतं. म्हणजे जवळजवळ माला-डी. मागच्या दाराने आलेलं इस्ट्रोजेन पण इस्ट्रोजेनच.

तेव्हा जिला गर्भनिरोधक गोळी चालत नाही तिला ही पण "फक्त चार दिवसच तर" म्हणून द्यायची नाही. तिच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध बघू शकतात, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असं इस्ट्रोजेनमधे बदलत नाही.

बहुतेक निरोगी मुलींना या गोळ्यांनी काही होत नाही, हे पण सांगायलाच हवं. पण गणपतीतलं चित्र डोळ्यासमोर आणा. हरितालिकेचा निर्जळी उपवास, मग दोन दिवस उभ्याने मोदक, घाम, पाणी प्यायला फुरसत नाही, गावी जायला रात्रभर एसटीत पाय लोंबकळत, आणि वर या गोळ्या. इराणमधे रमजानचे रोजे चुकू नयेत म्हणून बायका पाळी लांबवायला गोळ्या घेतात, आणि उपवास अधिक गोळ्या या जोडीतून मेंदूच्या शिरांमधे गुठळ्या झालेल्या बायकांबद्दल तिथल्या न्यूरॉलॉजिस्टांनी लिहून ठेवलंय. देव वेगळा, शरीर तेच.

खरं सांगायचं तर ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि मी दिलीये. खूपदा. सगळेच देतात. गेल्या वर्षी ती क्लिप बघितल्यापासून बंद केलंय आणि त्यावरून घरात वादही झालेत. आता चिठ्ठी असली तरी विचारते: तुला किंवा आई, मावशी, बहिणीला कधी पायात, फुफ्फुसात गुठळी झालीये का (रक्त गोठण्याचे काही दोष घराण्यात असतात, त्यांना या गोळ्यांचा धोका कैक पट)? अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं का? सिगरेट? नुकतं ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण? आणि एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, अचानक धाप लागतेय, श्वास घेताना छातीत टोचतंय, कधी नव्हे असं डोकं ठणकतंय, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल, आणि तिथे गेल्यावर गोळी घेतल्याचं न लाजता सांगायचं, कारण डॉक्टरांना ते कळलं तरच ते डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करतील, नाहीतर पायाला मलम देऊन पाठवतील.

पण विचारणार कुणाला? परवा रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं, एक दहावीतला मुलगा आला, हातात वहीच्या कागदाचा चिटोरा, त्यावर गोळीचं नाव. कुणासाठी विचारलं तर मान खाली, "ताईसाठी, गौरी आहेत ना." म्हटलं तिला फोन लाव, दोन मिनिटं बोलते. "ती नाही बोलणार, तिला लाज वाटते, मम्मी म्हणाली फक्त घेऊन ये." मी गोळी दिली नाही, कागदाच्या मागे माझा नंबर लिहून दिला आणि म्हटलं ताईला सांग, मेसेज केला तरी चालेल. तो "बरं" म्हणून गेला. फोन काही आला नाही. चौकातलं मेडिकल साडेदहापर्यंत उघडं असतं.