काकूंचा प्रश्न कुठे गेला?

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासावरून गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. बाबांच्या पश्चात फ्लॅट माझ्या नावावर आहे, म्हणून बॉस्टनजवळच्या गावात बसून मी ते रोज वाचत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साधं विचारलं होतं, बांधकाम रखडलं तर बिल्डर भाडं कुठवर देणार? उत्तर आलंच नाही. कोण बिल्डरचा माणूस, कोणाचा मेंटेनन्स थकलाय, कोणाच्या मुलाने काय केलं, हेच सुरू झालं. काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. शेवटी सेक्रेटरींनी फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं सेटिंग करून सगळ्यांचीच तोंडं बंद केली.

आपल्याकडे अ‍ॅडमिनबद्दलची चर्चा एकाच भीतीपाशी अडते, सदस्याने भलतंसलतं टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला धरतील का? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. पुढच्याच वर्षी कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय अ‍ॅडमिनच्या हाती आली. पण हा अधिकार वापरायचा कसा, यावर कोणी बोलत नाही.

इथे मॅसॅच्युसेट्समधल्या लहान गावांत वसंत ऋतूत टाउन मीटिंग भरते. गावचं बजेट मतदार स्वतः मंजूर करतात. सभा चालवणारा मॉडरेटर गावाने निवडून दिलेला असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणी बोलायचं नाही, असा राज्याचा कायदाच आहे. दंगा थांबला नाही तर तो माणसाला बाहेरही काढू शकतो. मी अमेरिकेची नागरिक नाही, त्यामुळे मतदारांपासून वेगळ्या खुर्चीवर बसते. तीन वर्षांत हा अधिकार वापरलेला मी एकदाही पाहिला नाही.

पाहिलं ते वेगळंच. शाळेच्या छपराच्या खर्चावर बोलताना एक गृहस्थ मागे वळून एका बाईंवर घसरले. मॉडरेटर शांतपणे म्हणाले, "माझ्याशी बोला." आणि लगेच पुढे, "कर किती वाढेल हे त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही." मग वित्त समितीच्या माणसाला उभं राहून आकडा सांगावा लागला. मॉडरेटरची मोठी कामगिरी मला हीच वाटते. भांडण थांबवणं तर आलंच, पण ज्याचा आवाज बारीक त्याचा प्रश्न हरवू द्यायचा नाही. मॉडरेटरला स्वतःचं मत मांडायचं असेल तर तो खुर्चीवरून उतरतो.

एकमेकांशी न भांडता सभा चालवणाऱ्याला उद्देशून बोलणं, ही काही परकी गोष्ट नाही. आपले आमदारही 'अध्यक्ष महोदय' म्हणूनच बोलायला सुरुवात करतात.

इथलं सगळं छान आहे असंही नाही. सभा रात्री उशिरापर्यंत चालते, तान्ही मुलं घरी असलेल्यांना येता येत नाही आणि मोजक्या लोकांच्या मतांवर गावाचे निर्णय होतात. आमच्या ग्रुपवर मात्र गुडघे दुखणाऱ्या काकू रात्री अकरा वाजता घरबसल्या विचारू शकत होत्या. ती जागा बंद झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

सेक्रेटरी बिनपगारी राबतात, याची मला जाण आहे. पण पुनर्विकासात ते स्वतः एक बाजू आहेत. या विषयापुरता तरी कमिटीबाहेरचा कोणी अ‍ॅडमिन असावा, नियम आधी सगळ्यांना सांगावेत, आणि मेसेज काढला तर का काढला तेही लिहावं. फोनवर मी त्यांना हे सांगितलं. रविवारच्या बैठकीत मांडतो, म्हणाले. मग काकूंना फोन लावला, त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला आणि बैठकीत पहिला घ्या म्हणून सेक्रेटरींना पाठवला.