गुडघ्याच्या ऑपरेशनचा तो मेसेज पुढे पाठवू नका

उपवनच्या वॉक ग्रुपवर परवापासून फिरतंय की गुडघा बदलल्यावर ३ महिने पूर्ण बेडरेस्ट घ्या आणि झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवा. मीपण तो मेसेज नीट न वाचताच बहिणीला ढकलला, चूक माझीच. मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी फिजिओने वॉकर हातात देऊन उभं केलं, आई कळवळली पण बाथरूमपर्यंत गेली, आणि बहुतेक ठिकाणी असंच करतात, कारण पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, सांधा आखडतो ते वेगळंच. उशीचं तर उलटंच आहे, तिच्यामुळे गुडघा वाकलेलाच राहतो, सरळ व्हायला त्रास देतो. आईला टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगितलेली. पुढे चालणं, सायकल हळूहळू जमतं, धावणं-उड्या नकोत. लिगामेंटचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांचं, ऑपरेशन असेल तर पायावर वजन कधी टाकायचं ते वेगळं असतं, सर्जनलाच विचारा. पोटरी अचानक सुजली, दुखली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. तो मेसेज ज्यांनी पाठवलाय त्यांनी डिलीट करून हा टाका, प्लीज. बहिणीला मी सांगितलंय.