बुलेटच्या डोक्याला तेल

फोंडा घाट उतरताना माझ्या मागे कुणी येत नाही, आणि त्याचा माझ्या वेगाशी काही संबंध नाही. उतारावर थ्रॉटल बंद असतो, सिलिंडर जोरात ओढ घेतो आणि इनलेट व्हॉल्व्हच्या गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या पुंगळीत सरकते तिच्यातून, वरचं तेल आत खेचतो. पायथ्याशी मूठ पिळली की असा निळा धूर निघतो की एसटीसुद्धा अंतर राखून थांबते.

गाडी जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५०. या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला तेल द्यायला बाहेरून एक बारीक नळी वर जाते. आधीच्या मालकाला ती बघून दया आली असावी. त्याने चांगली जाड नळी बसवली, नळी धरणाऱ्या पोकळ बँजो बोल्टची भोकंही मोठी करून घेतली. वर इतकं तेल चढतं की रॉकरला खालून ढकलणाऱ्या पुशरॉडच्या वाटेने खाली उतरायला त्याला फुरसत मिळत नाही. मग ते गाइडमधून शॉर्टकट काढतं.

नळी परत बारीक करायची, एवढं साधं काम घेऊन मी मालवणात मेस्त्रीकडे गेलो. मेस्त्री एरवी होड्यांची इंजिनं खोलतो. त्याने मला नीट न्याहाळलं.

"त्याल कमी करूक सांगणारो गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतंय."

चहाच्या टपरीवरची मंडळी लगेच सरकत आली. बुलेट खोललेली दिसली की कोकणात माणूस घाईत नसतो. जाड नळी काढलीस तर वरून टिकटिक सुरू होईल, हे सर्वानुमते ठरलं. मी म्हटलं, टिकटिक टॅपेटची, म्हणजे पुशरॉडच्या ढिलेपणाची. थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढं जमलं की झालं. जुन्या ट्रायम्फमध्ये तर रॉकरला टाकीकडे परतणाऱ्या तेलातलंच मिळतं, म्हणजे पहिली पंगत खालच्या बिग एंड बेअरिंगची आणि रॉकर शेवटच्या पंक्तीला. तरी उपाशी कुणी मेला नाही. ट्रायम्फ कुणी पाहिलेली नसल्यामुळे हा मुद्दा वाया गेला.

तेवढ्यात एक येझदीवाले काका म्हणाले, "आमच्यात व्हॉल्व्हच नाय, कटकटच नाय." जुनी टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच तेल ओतायचं. म्हणजे धूर त्यांचाही निघतो, फक्त त्यांना तो कंपनीने दिलाय.

आईचं मत घरून निघतानाच झालं होतं. "गाडयेच्या डोक्याचा मगे बघ, आदी तुझ्या डोक्याक घाल."

अखेर बारीक नळी लागली, बँजोला नवे तांब्याचे वॉशर पडले. रॉकर कव्हर उघडी ठेवून मेस्त्रीने किका मारल्या. कारंजं उडेल म्हणून मंडळी वाकून बघत होती. तेल पाझरलं, हळूच, जेवढं हवं तेवढंच. टपरीवर उघड निराशा पसरली.

पैसे देताना मी जाड नळी मागितली, भंगारात टाकायला. मेस्त्रीने ती पुसून खिळ्याला अडकवली.

"ऱ्हवांदे. कोणतरी बुलेटवालो येतलोच."