सोडायचं कधी?

बायकोचा फोन मंगळवारी रात्री अपडेटला लागला, तो बुधवारी सकाळी उठलाच नाही. कंपनीचं नाव यायचं, जायचं, परत यायचं. एसटीची नुसती पाटी दिसावी आणि गाडी सुटूच नये, तसं. आत भिशीचा हिशेब, पुतणीच्या लग्नाचे फोटो आणि चार लोणच्यांची प्रमाणं. आणि ‘कर गं अपडेट, काही होत नाही’ हे आदल्या रात्रीचं वाक्य माझं.

हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. “मामा, रिकव्हरी मोडला टाकू. सोपंय.” ‘सोपंय’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हा मोड म्हणजे फोनची माळ्यावरची खोली. खालचं घर बसलं तरी ती उघडते म्हणे. फक्त जिना सापडला पाहिजे.

“व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकदम धरा. स्क्रीन काळी झाली की लगेच डाउन सोडून अप धरा. कंपनीचं नाव आलं की सोडा.”

दाबायचं कुठे ते कळलं. सोडायचं कधी? लवकर सोडलं तर फोन पुन्हा नाव दाखवत बसे, उशिरा सोडलं तरी तेच. बायको शेजारी उभी राहून एक-दोन-तीन मोजत होती, पण तिचे आकडे कुकरच्या शिट्टीला अडखळत. एकदा तर मी घाईत शिट्टीलाच बटण सोडलं. अंगठ्याला गोळा आला. आईने तेवढ्यात बाम आणून ठेवला. कोणाला लावायचा ते तिने सांगितलं नाही.

तासाभराने भाच्याला आठवलं, “अरे हो, या कंपनीच्या नव्या फोनांना केबल लावून कॉम्प्युटरला जोडावं लागतं, त्याशिवाय ते रिकव्हरीत जात नाहीत.” तासाभराने! माझ्या जुन्या लॅपटॉपवरच्या इस्त्रीच्या कपड्यांची चळत उतरवली, केबल लावली आणि पहिल्याच फटक्यात मेनू उघडला. काळ्या पाटीवर बारीक इंग्रजी अक्षरं. बायकोने लगेच बोट लावलं. हलेना. इथे टच चालत नाही. व्हॉल्यूमच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरने निवडायचं.

“वाइप कॅश पार्टिशन करा, म्हणजे नुसता कचरा जाईल. त्याच्या वरचं वाइप डेटा करू नका, सगळं जाईल.”

औषधाच्या आणि विषाच्या बाटल्या एकाच फळीवर, एकमेकींना खेटून! मी श्वास रोखून एकेक पायरी उतरलो. बायकोने डोळे मिटून घेतले. भाचासुद्धा गप्प. दाबलं. मग ‘रिबूट सिस्टिम नाऊ’.

पुन्हा तेच नाव. यावेळी मात्र ते गेल्यावर लग्नातली पुतणी हसत पडद्यावर आली, आणि पाठोपाठ सुप्रभाताचे त्रेसष्ट संदेश.

तासभर छळलेलं पॉवरचं बटण शाबूत आहे ना, म्हणून मी ते पटापट पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. फोन सायरनसारखा केकाटला, पाच-चार-तीन असे उलटे आकडे पळाले आणि पलीकडून धीरगंभीर आवाज आला, “नमस्कार, ११२. काय मदत हवी आहे?”

बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

“काही नाही हो साहेब, आमच्या ह्यांना बटण कधी सोडायचं तेच कळत नाही.”