एकच चित्र, मग वेग कुठून कळला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आरंभीच्या विश्वातल्या विलीन होणाऱ्या दीर्घिकांवरच्या लेखाला तुमची सविस्तर प्रतिक्रिया मिळाली. तुमचं म्हणणं असं की विलीनीकरणाला कोट्यवधी वर्षं लागतात, आपल्या हाती एकच स्थिर चित्र, तेव्हा ‘विलीन होताहेत’ ही शास्त्रज्ञांची कविकल्पना. वर, पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटीसारखी एवढी मोठी रेडिओ दुर्बीण असताना चिलीचे दाखले कशाला, हा खास पुणेरी टोमणा.

नुसतं चित्र असतं तर मी तुमच्याच बाजूने बोललो असतो. मागेपुढे असलेल्या दोन दीर्घिका आकाशात शेजारी दिसूच शकतात. पण चिलीतली ‘अल्मा’ ही रेडिओ दुर्बीण वर्णरेषाही मोजते, म्हणजे एखादा अणू किंवा रेणू ठरावीक तरंगलांबीलाच सोडतो तो प्रकाश. आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनची रेषा १५८ मायक्रॉन तरंगलांबीला निघते. ती किती ताणली गेली यावरून दीर्घिकेचं अंतर कळतं आणि तिच्या बारीकशा सरकण्यावरून कुठला वायू आपल्याकडे येतोय, कुठला दूर चाललाय, तेही. एसपीटी ०३११-५८ ही दीर्घिकांची जोडी अशीच पकडली. विश्व तेव्हा जेमतेम ७८ कोटी वर्षांचं होतं. जोडीतल्या मोठीत सूर्याच्या वस्तुमानाच्या २७० अब्जपट वायू आहे आणि वर्षाला सुमारे २९०० सूर्यांइतके तारे जन्मतात. आपल्या आकाशगंगेत हा आकडा एक-दोनवर अडतो.

तारे घडण्याचा हा वेग येतो वायूमुळे. दीर्घिका आरपार गेल्या तरी तारे एकमेकांवर आपटत नाहीत, मधे जागाच तेवढी असते. वायूचे ढग मात्र आदळतात. शेजारणीच्या ओढीने त्यांचा कोनीय संवेग, म्हणजे त्यांना केंद्राभोवती फिरत ठेवणारी गती, जातो, ते केंद्राकडे घसरतात आणि दाटून त्यांचे तारे होतात.

तरी निदान चुकू शकतं, हे मान्यच. एसपीटी ०४१८-४७ ही दीर्घिका २०२० साली शांत फिरणारी तबकडी ठरली होती. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिच्याजवळ जोडीदारीण सापडली. आणि खरं सांगू? तुम्ही वायूच्या वस्तुमानावर बोट ठेवलं असतं तर मला जास्त घाम फुटला असता. तारे ज्यातून घडतात तो थंड रेण्वीय (जोडअणूंचा) हायड्रोजन जवळपास दिसतच नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या प्रकाशाला एका गुणकाने गुणून त्याचा अंदाज बांधतात. आकाशगंगेसाठी हा गुणक साधारण ४.३, धडाक्याने तारे घडवणाऱ्या विलीनीकरणांसाठी बहुतेकदा ०.८. म्हणजे पाचपट फरक!

आता खोडद. एसपीटी ०३११-५८ कडची कार्बनची ती रेषा ताणून आपल्यापर्यंत येते २४० गिगाहर्ट्‌झच्या आसपास; जीएमआरटीची झेप दीड गिगाहर्ट्‌झच्याही आतली. तिचं काम वेगळं, अणुरूप (सुट्या अणूंच्या) हायड्रोजनचं. २०२० साली पुण्याच्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी तिच्यावर ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या वायूचं मोजमाप केलं. त्यावर वेगळा लेख लिहायचा आहेच. तोवर विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तिथे जाऊन हा टोमणा संशोधकांनाच ऐकवा.