वास न येणाऱ्या पाण्यासाठी काय करावे

चौथ्या दिवशी नळाला पाणी सुटलं की आमच्या बेळगावातल्या गल्लीत पहिली घागर लावणारी बाई नाकाला पदर लावते. "ब्लिचिंग किती घातलंय बघा की!" तुम्हालाही वास सोसत नसेल, तर सरळ अर्ज द्या. अर्ज मराठीत की कानडीत यावर दोन वर्षं जातील, तेवढा धीर धरा.

मागणी नेमकी करा: क्लोरीन नको, वॉशिंग्टनसारखं सौम्य काहीतरी घाला. 2000 च्या नोव्हेंबरात (या महिन्याशी बेळगावचं वाकडंच) तिथं क्लोरीनऐवजी क्लोरामाइन सुरू झालं. हेतू चांगलाच होता. क्लोरीन पाण्यातल्या कुजक्या पाल्याशी मिसळून ट्रायहॅलोमिथेन नावाची भानगड तयार करतं, ती कमी करायची होती.

पण तिथं जुन्या शिशाच्या नळ्या. बंबाच्या आत कशी खपली धरते? तशीच या नळ्यांत कडक क्लोरीननं लेड डायऑक्साइडची तपकिरी खपली धरवली होती, आणि शिसं तिच्याआड गप्प होतं. क्लोरामाइन पडलं लेचंपेचं. खपली टिकेना, शिसं पाण्यात विरघळू लागलं. लोकांत बोभाटा व्हायला 2004 उजाडलं. शिशाला ना वास, ना चव. तक्रार करणार कशाची? शेवटी त्याच वर्षी फॉस्फेट घालून नवी खपली बसवायला घेतली.

आपल्याकडे शिशाच्या नळ्या कुठल्या, म्हणून हिरमुसू नका. पितळी तोट्यांत थोडं शिसं असतं, जुन्या डाखात असतं, पीव्हीसी पाइप टिकावा म्हणूनही ते घालत आले आहेत. रात्रभर तोटीत मुरलेली पहिली धार झाडांना घालून वाया दवडू नका, बाळाच्या दुधाला ठेवा. शिसं पोरांची बुद्धी खुंटवतं, तेही बरंच; पोर फार हुशार निघालं तर पुण्याला पळतं. पाणी खळखळून उकळा. जंतू मरतील, पाणी आटेल आणि शिसं तेवढंच उरेल. लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ही आपल्या मानकातली मर्यादा, पण तपासणीच्या फंदात पडू नका. राकसकोप धरणाचं पाणी कुणाचं, यावर भांडायला वेळ पुरत नाही, त्यात प्रयोगशाळा कुठं शोधता?

एक दिवस मागणी मान्य होईल. पहाटे नळ सुटेल, शेजारच्या काकू घागरीत तोंड घालून हुंगतील आणि आत हाक मारतील, "अगं सूनबाई, वास गेला की! अजून दोन कळश्या आण."