हबक्कूकचं वचन ऐकवण्याआधी त्याची तक्रार वाचा

'नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल.' बायबलमधलं हे वचन आमच्या ख्रिस्ती लोकांत फार स्वस्त झालंय. कॅलेंडरवर तेच, गाडीच्या काचेवर तेच, सकाळच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्येही तेच. कुणाची नोकरी गेली, कुणाची जमीन भावकीने दाबली, कोर्टात तारखांवर तारखा पडतायत, की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून हेच ऐकवणार. मतलब एवढाच की आता गप्प बस आणि प्रार्थना कर. माझा राग वचनावर नाही, त्याच्या या वापरावर आहे.

हे वचन जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं. त्याचं पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचं, चहा होईपर्यंत वाचून संपतं. पण बहुतेकांनी त्यातली ही एकच ओळ वाचलेली असते, तीही भिंतीवर. पुस्तक सुरू होतं ते थेट देवाशी भांडणाने. मी किती वेळ हाका मारू आणि तू ऐकायचं नाहीस? जुलूम जुलूम म्हणून ओरडतोय, तू सोडवत का नाहीस? कायदा लुळा पडलाय, न्याय बाहेर येतो तो वाकडा होऊनच. बाकीचे संदेष्टे देवाच्या वतीने लोकांना झापतात. हा मात्र लोकांच्या वतीने देवालाच जाब विचारतो.

काळ बहुधा इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा, ठिकाण यहूदाचं छोटंसं राज्य. इ.स.पू. ६०९ मध्ये योशिया राजा मगिद्दोला मारला गेला. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारोने यहोयाकीमला गादीवर बसवलं आणि फारोची खंडणी जनतेवर कर लावून वसूल झाली. याच यहोयाकीमला यिर्मया संदेष्ट्याने सुनावलंय की लोकांना फुकट राबवून तू प्रशस्त वाडा बांधतोस, त्याला गंधसरूच्या लाकडाची तक्तपोशी करतोस, वर हिंगुळाचा लाल रंग देतोस.

वाड्यांबद्दल असं लिहिलेलं सापडतं, पण शेतातल्या माणसाचा आवाज क्वचित मिळतो. साधारण त्याच काळातलं एक खापर १९६० मध्ये भूमध्य समुद्राकाठी, आजच्या इस्राएलमधल्या याव्ने-यामजवळच्या एका लहान किल्ल्यात मिळालं. त्यावर शाईने अर्ज लिहिलाय, अगदी तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनविसाने लिहावा तसा. अर्जदार आहे एक कापणीवाला. तो म्हणतो, साहेब, माझं ऐका. मी नेमून दिलेली कापणी पुरी केली, धान्य साठवलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे भाऊ साक्ष देतील. माझं वस्त्र मला परत द्या.

मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर दिवस मावळायच्या आत परत करायचं. म्हणजे नियम होताच. हबक्कूक म्हणतो तो लुळा कायदा तो हाच.

पहिल्या तक्रारीवर देवाचं उत्तर येतं, थांब, मी खास्द्यांना आणतोय. म्हणजे बाबेलचं (बॅबिलोनचं) सैन्य! यावर हबक्कूक मान डोलावत नाही. उलट दुसरी, आणखी कडक तक्रार करतो. हा कसला इलाज? ते तर माणसांना माशांसारखं गळाने ओढतात, जाळ्यात गोळा करतात आणि वर त्या जाळ्यालाच धूप दाखवतात. दुष्ट आपल्याहून बऱ्या माणसाला गिळतो तेव्हा तू गप्प का? एवढं बोलून तो बुरुजावर जाऊन उभा राहतो, बघू आता काय उत्तर येतं ते.

देवाच्या त्या उत्तरात येतं आपलं ते लाडकं वचन. आधी सांगितलंय की हे पाट्यांवर ठळक लिही, उशीर लागला तरी वाट पाहा. आणि लगेच पुढे पाच धिक्कार. लोकांची गहाणं घेऊन गबर झालेल्याचा धिक्कार, रक्त सांडून नगर वसवणाऱ्याचा धिक्कार. अन्यायाने बांधलेल्या घराच्या भिंतीतला दगड ओरडेल आणि लाकडातली तुळई त्याला उत्तर देईल. लबानोनवरच्या जुलमाचा आणि तिथल्या जनावरांच्या संहाराचाही हिशोब त्यात मांडलाय. कॅलेंडरवर यातला एकही धिक्कार मी छापलेला पाहिला नाही.

प्रेषित पौलाने हे वचन रोमकरांना आणि गलतीकरांना पत्रं लिहिताना घेतलं, पुढे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळीच्या मार्टिन लूथरने उचललं. त्या परंपरेत मीही वाढलोय, तिचं मोल मला ठाऊक आहे. पण आमच्या बहुतेक प्रवचनांत ते फक्त एकेकट्याच्या तारणाचं होऊन बसलं. मृत समुद्राजवळ १९४७ मध्ये मिळालेल्या गुंडाळ्यांत हबक्कूकच्या पहिल्या दोन अध्यायांवरचं भाष्य आहे. ते भाष्य लिहिणाऱ्यांनी मात्र या धिक्कारांचा रोख गरिबांची मालमत्ता लुटणाऱ्या एका दुष्ट याजकाकडे वळवला. थेट याजकच!

तिसऱ्या अध्यायात अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असं तो म्हणतो. दुष्काळातल्या प्रार्थनासभेत हे हमखास वाचतात. वाचणाऱ्याचा पगार एक तारखेला जमा झालेला असतो. हबक्कूकने हे स्वतःबद्दल म्हटलंय, आणि तेही दोनदा कडाडून भांडल्यावर. रिकाम्या गोठ्याच्या मालकाला उपदेश म्हणून ते ऐकवायचा परवाना आपल्याला कुणी दिला?

मंडळीत ज्याची जमीन अडकलीय त्याला पुढची तारीख कधी आहे ते विचारा. दोघं-चौघं सोबत जा, लागली तर साक्ष द्या. वचन त्याला पाठ आहे.